झाडीतला चौक जागा होतो

भाऊबीज झाली की बाकीच्या महाराष्ट्रात दिवाळी आवरायला घेतात. आकाशकंदील खाली उतरतात, फराळाच्या डब्यांचा तळ दिसू लागतो आणि मुले नाखुशीने दप्तरे शोधू लागतात. भंडारा जिल्ह्यात मात्र खरी मौज तेव्हाच सुरू होते. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची, परवा नाल्यापलीकडच्या गावाची, असा क्रम लागतो आणि तो कित्येक दिवस चालतो. मंडई म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या राहतील. त्या त्यांनी घटकाभर बाजूला ठेवाव्यात. झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. आणि झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या अंगाखांद्यावरचा तो धानाचा, तलावांचा आणि रानांचा मुलूख, जो आज भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा चार जिल्ह्यांच्या नावांनी ओळखला जातो. १९९९ सालापर्यंत गोंदियाही भंडाऱ्याच्याच पोटात होते.

हलके धान कापून झालेले असते, भारी धान उभे असते. हातात दोन पैसे आलेले असतात, निदान येणार असे दिसत असते. लेकी माहेरी आलेल्या असतात. अशा दिवसांत गोवाऱ्यांची मंडळी मोरपिसांनी सजवलेली उंच ढाल नाचवीत गावात येते, आणि तिच्यामागून सारे गाव चौकाकडे लोटते. चौकात शिंगाड्यांचे ढीग असतात. हे शिंगाडे या जिल्ह्यातल्या तलावांतले, ढिवरांनी पाण्यात उतरून काढलेले. उसाच्या मोळ्या असतात, आलुबोंड्याची कढई असते, पानाचे ठेले असतात, बांगडीवाल्या असतात. भरदुपारी उन्हात दंडार उभी राहते. रात्री खडी गंमत किंवा नाटक. आणि या सगळ्या गर्दीत पागोट्यांच्या व टोप्यांच्या आड दबक्या आवाजात सोयरिकीची बोलणी चाललेली असतात. मुलगी पाहायला म्हणून कोणी येत नाही. सारे मंडई पाहायला येतात. पण परत जाताना एखाद्या मामांनी पुढच्या रविवारचा शब्द घेतलेला असतो.

ही मंडई भरते कोठे, ते मात्र नीट पाहण्यासारखे आहे. वर्षाचे साडेतीनशे दिवस त्या जागेला कोणी वाली नसतो. बाजारचौकाचा एक कोपरा, देवळामागची मोकळी जागा, दोन ओळींच्या घरांमधला रुंद बोळ. असेच काहीतरी असते. एरवी तेथे मोडक्या बंड्या पडलेल्या असतात, कोणाच्या तरी घरबांधणीची उरलेली गिट्टी असते, गुरे बसतात, सांडपाणी वाहते. ग्रामपंचायतीच्या सभेत त्या जागेचा विषय निघतो आणि पुढल्या सभेपर्यंत तहकूब होतो. पण मंडईची तारीख जवळ आली की चमत्कार घडतो. बंड्यांचे मालक सापडतात! गिट्टी हलते. ज्या पोरांना घरी झाडू धरायला सांगितला तर राग येतो, ती पोरे चौक झाडतात. बाया आपापल्या दारापुढे सडा घालतात, भिंतींना चुना लागतो, वेशीत आंब्याच्या डहाळ्या लागतात. सरकारी योजनेने वर्षभरात जे साधत नाही ते दंडारीच्या ढोलकीने आठ दिवसांत साधते. कारण पाहुणे येणार असतात, आणि पाहुण्यांपुढे आपलीच पोरे नाचणार असतात.

हे सांगण्याचे कारण असे की पडीक गल्ल्यांना कलेने जाग आणण्याचा एक उद्योग अलीकडे जगभर जोरात चालू आहे. आपल्याकडेही तो येऊन पोचला आहे. मुंबईत घाटकोपरजवळ असल्फा म्हणून टेकडीवरची वस्ती आहे. दाट घरे, अरुंद पायऱ्या, पत्र्यांची छपरे. २०१४ साली मेट्रो सुरू झाली आणि रोज हजारो लोक खिडकीतून ही टेकडी पाहू लागले. २०१७ च्या अखेरीस शेकडो स्वयंसेवक रंगाचे डबे घेऊन तेथे गेले आणि त्यांनी भिंतींमागून भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी करून टाकल्या. जिन्यांवर चित्रे आली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. इटलीतल्या एका समुद्रकाठच्या रंगीत गावाशी तुलनाही झाली. रहिवाशांना आनंद झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. आपले घर कोणाला तरी सुंदर करावेसे वाटले, ही गोष्ट लहान नाही. स्वयंसेवकांच्या हेतूबद्दलही आमच्या मनात शंका नाही. पण एक प्रश्न मनातून जात नाही. हे चित्र कोणाकडे तोंड करून उभे आहे? घरात राहणाऱ्या माणसाला आपल्या भिंतीची बाहेरची बाजू कितीशी दिसते? ती दिसते मेट्रोच्या खिडकीतून. आणि मुंबईचा पाऊस तर कोणत्याच चित्रकाराला ओळखत नाही.

याच प्रश्नाचे उत्तर दूर कोरियात फार चमत्कारिक रीतीने मिळाले. सोल शहरात इहवा नावाची टेकडीवरची जुनी वस्ती आहे. २००६ साली सरकारी योजनेतून चित्रकार तेथे आले आणि भिंती-पायऱ्या चित्रांनी भरून गेल्या. एका जिन्यावर मोठमोठी फुले, दुसऱ्यावर मासे. लोक पाहायला येऊ लागले; आधी दहा, मग शंभर, मग झुंडीच्या झुंडी. सकाळ-संध्याकाळ दारात अनोळखी माणसे उभी, खिडकीखाली हसणे-खिदळणे, फोटोसाठी आरडाओरडा. शेवटी २०१६ साली काही रहिवाशांनीच करड्या रंगाचा डबा आणला आणि ती फुले व ते मासे पुसून टाकले. ज्यांच्या गल्लीचे भले करायचे होते त्यांनीच त्या सौंदर्यावर कुंचला फिरवला! कलेवर त्यांचा राग नव्हता. आपल्या दारात आपल्यालाच परके केले गेले, याचा तो राग होता.

घराजवळ पाहायचे तर पणजीचे फोंताइन्यास आहे. पोर्तुगीज काळातली ती अरुंद, रंगीत घरांची वस्ती. २००४ साली तेथे कला महोत्सव झाला तेव्हा रहिवाशांनी आपल्या बैठकीच्या खोल्याच चित्रांसाठी उघडल्या. पाहुणा चित्र पाहायला घरात येई आणि घरच्या माणसाशी दोन शब्द बोलून जाई. ही कल्पना आम्हांला फार आवडते. यजमान रहिवासी आणि पाहुणा पाहुणाच, असा तो प्रकार होता. पुढे छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागली, आणि आता तेथल्या लोकांच्या तक्रारी ऐकू येतात की आमच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. म्हणजे गल्ली तीच, रंग तेच; यजमानपण तेवढे हातचे गेले.

या कसोटीला लावून भंडारा जिल्ह्याकडे पुन्हा पाहू या. भंडारा शहराची ख्याती पितळेच्या भांड्यांची. विदर्भातल्या कितीतरी घरांत आजीच्या वेळचा एखादा पितळी गुंड किंवा गंज अजून माळ्यावर असेल, आणि त्याचे मूळ भंडाऱ्यात निघण्याचा संभव मोठा. भांडी घडवणाऱ्यांची वस्ती म्हणजे सकाळपासून हातोड्यांचे ठोके. पुढे ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले. पितळेच्या भांड्याला कल्हई लावावी लागते, ते चिंचेने घासावे लागते, आणि ते जड असते. घरातल्या बाईने हलके भांडे पसंत केले, यात तिचा काय दोष? परंतु त्या एका पसंतीने शहरातल्या कितीतरी ओसऱ्यांवरचे ठोके मंदावले. अशी गल्ली पडीक होते ती भिंतीचा रंग उडाल्यामुळे नव्हे. तिचा आवाज जातो, आणि मग रंग उडालेला दिसू लागतो.

तीच गोष्ट विणकरांची. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव काय किंवा वैनगंगेकाठचे पवनी काय, कोष्ट्यांच्या हातमागांनी नावाला आलेली गावे. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली टसरची करवतकाठी साडी ही या मुलखाची शान. टसरचे कोसे रानात वाढतात, ढिवर कुटुंबे ते जपतात, कोष्टी विणतात. एका साडीत रान, तलाव आणि गाव असे तिन्ही गुंफलेले असते. अशा गावातल्या एखाद्या पडक्या भिंतीवर कोणी बाहेरून येऊन ताजमहाल किंवा धबधबा काढला, तर त्याला काय म्हणावे? आणि तसे धबधबे आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या व कार्यालयांच्या भिंतींवर वाहत आहेत, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

पवनीचे नाव निघाले म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. लोकांनी मिळून केलेली कला ही काही सोलची किंवा मुंबईची नवी टूम नव्हे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामात एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी स्तंभांवर शिल्पे आहेत, आणि दात्यांची नावे सांगणारे लहान लहान लेख आहेत. एका स्तंभावर मुचरिंद नाग कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या नगरीतल्या बायाबापड्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दगड दिला आणि त्यावर आपले नाव कोरून घेतले! वर्गणीदारांच्या यादीवरून आजही मंडळात भांडणे होतात. ती परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळेल. पण थट्टा सोडली तरी मुद्दा उरतोच. ज्याचे नाव त्या दगडावर आहे त्याला तो स्तूप परका वाटला नसेल.

दंडारीचे बळ नेमके यातच आहे. दंडार गावातलीच पोरे करतात. बाईचे सोंगही पुरुषच घेतो. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेला गडी त्या दिवशी लुगडे नेसतो, कपाळाला ठसठशीत कुंकू लावतो, आणि त्याची खरी आई गर्दीत तोंडाला पदर लावून हसते. नमन होते, गाणी होतात, रामायण-महाभारतातल्या कथा येतात, आणि मध्येच एखादे सोंग गावच्या पाटलाची किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीची अशी टर उडवते की ज्याची टर उडते तोही टाळी देतो. खडी गंमतीत तर शाहीर रात्रभर उभा राहून गातो. म्हणूनच ती खडी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि या लोकरंगभूमीचा ध्यास घेऊन अभ्यास केला. त्यांच्यासारख्यांच्या खटपटीनेच शहरी विद्वानांना या दंडारीची दखल घ्यावी लागली. एरवी ‘अशिक्षितांचा धांगडधिंगा’ म्हणून नाक मुरडणारे तेथलेच सुशिक्षित कमी नव्हते.

दंडारीचे थोरले भावंड म्हणजे झाडीपट्टीचे नाटक. त्याचा बाजार गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे. तेथे नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने आहेत आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांना श्वास घ्यायला उसंत नसते. भंडाऱ्याच्या गावातले मंडळ तेथे जाते, फलक पाहते, घासाघीस करते आणि तारीख पक्की करते. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपते. गाणी आजही रंगमंचावर नट स्वतः गातात. रोज नवा गाव, पुष्कळदा नवे नाटक; त्यामुळे आडोशाला बसलेल्या प्रॉम्प्टरवर अर्धे नाटक तरते. मुंबईत नाट्यगृहे ओस पडल्याची रड आपण वर्षानुवर्षे ऐकतो, आणि इकडे थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसे पहाटेपर्यंत तिकीट काढून बसलेली असतात! २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कोठे पुष्कळ महाराष्ट्राला कळले की अशी एक रंगभूमी आपल्याच राज्यात आहे. नाटकाचा खर्च भागून पैसा उरला तर गावे तो देवळाला, शाळेला, वाचनालयाला लावतात. तोटा आला तर मंडळाची पोरे वर्षभर तोंड लपवतात. असा व्यवहार उघड्यावरचा असल्यामुळे त्यात कोणाचे भले आणि कोणाचे बुरे ते साऱ्या गावाला ठाऊक असते.

हे सारे सुखासुखी चालले आहे असे मात्र कोणी समजू नये. झाडीपट्टीत नाटक आणि शंकरपट यांची जोडी. दिवसा बैलजोड्यांचा पट, रात्री नाटक. पटासाठी पाहुणे येत आणि नाटकाला थांबत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि मंडळांपुढे प्रश्न पडला की दिवसाचे पाहुणे आता आणायचे कोठून. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. बैलांच्या हालांचा प्रश्न खोटा नव्हता. अटी पाळल्या गेल्या तर कोणाची तक्रार नसावी. मधल्या काळात २०२० च्या साथीने एक हंगाम जवळजवळ गिळला. ज्यांचे वर्षाचे पोट पाच महिन्यांवर चालते त्या नटांचे, पडदेवाल्यांचे, तबलजींचे काय झाले असेल ते सांगायला नको.

दंडारीचे दुखणे आणखी वेगळे. नाटकाला तिकीट आहे, दंडारीला नाही. पोरे कामासाठी नागपूरला, पुण्याला, हैदराबादला जातात. ढोलकी धरणारा म्हातारा झाला की ती खुंटीला लागते. मग मंडईत ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते आणि चित्रपटातल्या गाण्यांवर भाडोत्री नाच होतो. चौक त्या रात्रीही भरतो, दिवेही जास्त लागतात. परंतु गर्दीतल्या एकाही बाईला ‘तो माझा पोर’ असे म्हणता येत नाही. गोसीखुर्दच्या धरणाने पवनी-भंडारा भागातली कितीतरी जुनी गावे पाण्याखाली गेली. नव्या वसाहतीत रस्ते सरळ रेघेत आखले आहेत. घर, शाळा, समाजमंदिर, साऱ्यांची जागा नकाशावर दाखवता येते. मंडईची जागा नकाशावर दाखवून होत नसते. ती पायांनी तुडवून तुडवून व्हावी लागते.

तेव्हा उद्या कोणी उत्साही मंडळी भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीतली एखादी पडीक गल्ली कलेने जागी करायला निघाली, तर त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की रंगाचा डबा शेवटी उघडावा. आधी त्या गल्लीतल्या वृद्ध कारागिराच्या ओसरीवर बसावे. पितळेचा पत्रा ठोकून भांडे कसे उठते ते शाळेच्या मुलांना एक दिवस तेथेच पाहू द्यावे. चित्र काढायचेच तर करवतीचा काठ भिंतीवर चढवावा, आणि तो कोष्ट्याच्या नातीने काढावा. वाकडा आला तरी चालेल. संध्याकाळी जवळच्या गावची दंडार गल्लीत बोलवावी, तिचा विडा-सुपारीचा मान ठेवावा आणि बिदागी वेळेवर द्यावी. मुंबईच्या काळा घोडा भागात १९९९ पासून महोत्सव भरतो आणि त्याच्या पैशातून त्या परिसराच्या डागडुजीची कामे निघतात. ज्या घोड्यावरून नाव पडले तो राजाच्या पुतळ्यासह १९६५ सालीच तेथून हलला होता, तरी नाव टिकले आणि २०१७ साली स्वाराविना नवा घोडाही आला. मुंबईचा पैसा भंडाऱ्यात नाही, हे खरे. पण महोत्सवाचा पैसा त्याच जागेला लावायचा ही युक्ती झाडीच्या मंडळांना मुंबईने शिकवण्याची गरज नाही. नाटकाची शिल्लक शाळेला लावणारी गावे ती केव्हापासून जाणतात. गावांना जे जमते ते जिल्ह्याच्या शहराला का जमू नये, एवढाच प्रश्न आहे. शहरातला माणूस मंडईला आपल्या मूळ गावी जातो आणि परत येऊन आपल्या गल्लीचे दार लावून घेतो. ती गल्लीही आपलीच आहे, असे त्याला अजून वाटलेले नाही.

इकडे गावात पहाट होत आलेली असते. नाटकातला खलनायक मेलेला असतो, नायिकेची ताटातूट संपलेली असते. मागच्या रांगांतली लहान पोरे केव्हाच झोपी गेलेली असतात, त्यांना खांद्यावर टाकून माणसे घराकडे वळतात. वाटेत गाण्यांवरून वाद, शेजारच्या गावाने आणलेल्या कंपनीशी तुलना, एखाद्या नटाची नक्कल. तासाभराने हीच माणसे विळे घेऊन भारी धानाच्या बांधीकडे निघतील. चौकात उसाची चिपाडे, शिंगाड्यांची टरफले आणि चुन्याच्या रेघा तेवढ्या उरतात. ती झाडायला मंडळाची दोन पोरे थांबलेली असतात. त्यांना घाई आहे, कारण दुपारी नाल्यापलीकडच्या गावी मंडई आहे आणि तेथल्या दंडारीत त्यांच्या मामेभावाने पहिल्यांदाच लुगडे नेसायचे कबूल केले आहे.